एक पोर दवाखान्यात, बाकीची हॉस्टेलात

अगं, वॉर्डन झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात हॉस्टेलचं पोर डेंग्यूने ॲडमिट झालं म्हणून घाबरू नकोस. पाचगणीच्या हॉस्टेलात मी हे कैकदा पाहिलंय. रात्रीची हजेरी मेट्रनबाईंच्या गळ्यात घाल आणि मगच दवाखान्यासाठी पसरणीचा घाट उतर.

डेंग्यूत ताप उतरला की आपण देवापुढे साखर ठेवतो, पण खरी काळजी तेव्हाच. पोट दुखलं, उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं तर लगेच नर्सला हाक मार.

श्रद्धेचं म्हणशील तर पोराच्या घरची धर, आपली नको. माझ्याकडचा एक मुलगा सलाईनच्या हाताने उशीखालचा ताईत चाचपायचा. मी स्वामींची भक्त, पण अंगाऱ्याची पुडी पर्समध्येच राहू दिली. विचारलं, "आजी रात्री काय म्हणते रे?" तो पुटपुटत राहिला, मी नुसती ऐकत बसले.

इकडे रिकामा पलंग बघून धाकटी पोरं रडतात. संध्याकाळच्या प्रार्थनेत त्यांना त्याचं नाव घेऊ दे. 'नवस बोला, बरा होईल' असं मात्र कुणाला म्हणू देऊ नकोस.

आणि डबा स्वतःसाठीही ने. मी दोन दिवस चहा-बिस्किटांवर काढले, तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवर मीच!