मुलीच्या नावात मधलं नाव लावावं का?

जन्मदाखल्यावर मुलीचं फक्त नाव आणि आडनाव घातलं तर काय बिघडेल, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत आहे की मधलं नाव लावा, आणि पहिल्या दाखल्यापासून लावा.

आपल्याकडचं मधलं नाव हे हौसेनं ठेवलेलं दुसरं नाव नव्हे. 'कोणाची?' या प्रश्नाचं ते उत्तर आहे. लोकमान्य टिळकांचे वडील गंगाधर रामचंद्र, आणि लोकमान्यांचा मुलगा रामचंद्र बळवंत. पणजोबांचं नाव पणतवाला असं फिरून आलं की आडनावासकट दोघे सारखेच. कोणता रामचंद्र ते मधल्या नावावरूनच कळतं. सातबाऱ्यावर याची खरी किंमत कळते. गावात एकाच नाव-आडनावाचे दोघे-तिघे सहज असतात. त्यात एका कागदावर 'पांडुरंग विठोबा' आणि दुसऱ्यावर 'पांडुरंग विठ्ठल' लागलं, की दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं आणि तोवर वारसनोंदीचा फेरफार अडकतो.

मुलीचा जन्म 1 मे 2024 किंवा त्यानंतरचा असेल, तर महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांसाठी क्रम ठरलेला आहे: मुलीचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. म्हणजे अनन्या नेहा समीर जोशी. आईचं नाव नावातच आलं, हे फार चांगलं झालं.

घोळ होतो तो अर्जांच्या रकान्यांमुळे. पासपोर्टला मधल्या नावाचा वेगळा रकाना नाही. 'गिव्हन नेम'मध्ये 'अनन्या नेहा समीर' आणि 'सरनेम'मध्ये 'जोशी' असं भरायचं. सरनेमचा रकाना कोरा ठेवू नका. अमेरिकेच्या व्हिसावर मग आख्खं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी 'एफएनयू' (म्हणजे 'पहिलं नाव माहीत नाही') छापून येतं. विमानाच्या तिकिटावर 'अनन्यानेहासमीर' असं चिकटून आलं तर घाबरू नका, ती चूक नाही. पॅनच्या अर्जात मात्र आडनाव, नाव, मधलं नाव असे तीन रकाने असतात आणि वडिलांचं नाव पुन्हा वेगळं लिहायचं असतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं. तीच समोर ठेवून अर्ज भरला की 'जोशी' पहिल्या नावाच्या रकान्यात जाऊन बसतं. ही चूक फार जण करतात.

त्यामुळे आईवडिलांच्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग आजच एका कागदावर लिहून ठेवा आणि जन्मदाखला, आधार, शाळा, पासपोर्ट सगळीकडे अक्षर न् अक्षर तेच द्या. आद्याक्षरं नकोत. शाळेत दुरुस्ती करायची असेल तर दहावीचा अर्ज भरण्याआधी करा. नंतर फार हेलपाटे पडतात.

लग्नानंतर काय, अशी शंका असेल, तर नाव बदलण्याची कायद्यानं सक्ती नाही. ठेवलेलं नाव तसंच चालतं. बदललंच, तर विवाह नोंदणी दाखला आणि राजपत्रातली नोंद दोन्ही जपून ठेवावी लागतात, कारण पदवीपासून माहेरच्या सातबाऱ्यापर्यंत जुनंच नाव असतं.

जन्मनोंद नावाशिवाय झाली असेल तर नोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत मुलीचं नाव विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर विलंब शुल्क लागतं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश आणि पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, म्हणून छापील प्रत घेण्याआधी खिडकीवरच प्रत्येक अक्षर तपासा.