चालींचे गणित न करता, केवळ पॅटर्न ओळखून संगणक चांगले बुद्धिबळ खेळू शकेल का?

आपण साताऱ्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहात आणि ग्रँडमास्टरांचे लाखो डाव दाखवून संगणकाला पॅटर्न ओळखायला शिकवले, तर पुढच्या चालींचा हिशेब न करताही तो चांगला खेळेल का, असे आपण विचारले आहे. मी सांगलीत मुलांना बुद्धिबळ शिकवतो आणि गेली काही वर्षे घरच्या संगणकावर नेमका हाच प्रयोग करत आलो आहे. माझे उत्तर असे की तो खेळू शकेल, परंतु केवळ ग्रँडमास्टरांचे डाव पाहून नव्हे.

आपल्या कल्पनेचा पाया भक्कम आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. 1973 साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी खेळाडूंना खऱ्या डावातील एक स्थिती पाच सेकंद दाखवली आणि ती आठवून पुन्हा मांडायला सांगितली. मातब्बर खेळाडूने ती जवळजवळ जशीच्या तशी मांडली, नवशिक्याला मोजकीच मोहरी आठवली. मात्र तीच मोहरी पटावर कशीही विखरून ठेवली, तेव्हा दोघांतला फरक जवळपास नाहीसा झाला. म्हणजे मातब्बर खेळाडूची स्मरणशक्ती मुळात अफाट नसते. त्याला मोहऱ्यांचे ओळखीचे गट दिसतात. भाऊसाहेब पडसलगीकरांनी सांगलीत बुद्धिबळाची जी परंपरा रुजवली, तिच्यात वाढलेल्या कोणालाही हे अनुभवाने पटेल. कॅसलिंग केलेल्या काळ्या राजासमोर पांढऱ्याचा उंट एच-७ या घरातील प्याद्यावर रोखलेला दिसला, की तयार मुलाची नजर आपोआप जी-५ कडे जाऊ पाहणाऱ्या घोड्याकडे आणि एच-५ कडे जाऊ पाहणाऱ्या वजिराकडे वळते.

परंतु एच-७ चे प्यादे मारून तोच उंट बळी देणे योग्य की अयोग्य, हे पॅटर्न सांगत नाही. काळ्याचा घोडा एफ-६ वर असेल तर तो उंटच मारतो; काळ्याच्या उंटाची जी-५ वर मोकळी नजर असेल तर हल्ल्याचा निकाल बदलू शकतो. पटावरचे एकच मोहरे एक घर सरकले तरी उत्तर उलटते, आणि ते उलटले आहे हे चाल-प्रतिचाल तपासल्याशिवाय कळत नाही.

माझ्या पहिल्या प्रयोगात मी एका लहान न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामला, नामवंतांचे डाव देऊन ‘या स्थितीत त्यांनी कोणती चाल केली’ एवढेच ओळखायला शिकवले. पहिल्या दहा-बारा चाली ते फार सुरेख खेळत असे. मग माझ्या वर्गातल्या एका बारा वर्षांच्या मुलीने मुद्दाम विचित्र चाली केल्या, आणि नेटवर्कने सलग दोन चालींत घोडा व हत्ती फुकट दिले. कारण विचार केल्यावर स्पष्ट झाले. मोठ्या खेळाडूंच्या डावांत मोहरे फुकट देण्याचे प्रसंग फारसे नसतात, आणि म्हणून त्याची शिक्षाही नसते. त्या दर्जाचा खेळाडू जी चाल मनातच बाद करतो, ती डावाच्या नोंदीत कधी उतरतच नाही. संगणक-संशोधक डोनाल्ड मिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही 1980 च्या दशकात याच अडचणीने गाठले होते, असे माजी विश्वविजेता कास्पारोवने लिहिले आहे. त्यांच्या प्रोग्रामने ग्रँडमास्टरांच्या डावांतील असंख्य स्थिती अभ्यासल्या आणि प्रत्यक्ष खेळताना आपला वजीर अकारण देऊन टाकला, कारण ग्रँडमास्टर वजीर देतो तेव्हा बहुधा जिंकतो.

ही अडचण सोडवली ती डीपमाइंड या कंपनीच्या अल्फाझीरो या प्रोग्रामने, आणि आपण सर्वांत अधिक लक्ष द्यावे ते तिथेच. डिसेंबर 2017 मध्ये जाहीर झालेल्या या प्रणालीला माणसाचा एकही डाव दाखवलेला नव्हता. ती स्वतःशीच सुमारे 4 कोटी 40 लाख डाव खेळली. प्रत्येक चालीपूर्वी नेटवर्कच्या अंदाजाच्या आधाराने 800 वेळा पुढच्या संभाव्य चालींचा शोध घेई, आणि त्या शोधातून जी चाल सरस ठरे, तीच पुढच्या वेळी एका नजरेत ओळखायला नेटवर्कला शिकवले जाई. आजचे केलेले गणित उद्याची नजर बनत गेले. स्टॉकफिश या मातब्बर बुद्धिबळ प्रोग्रामविरुद्धच्या 100 डावांत तिने 28 जिंकले, 72 बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. त्या वेळी ती सेकंदाला सुमारे 80 हजार स्थिती तपासत होती, तर स्टॉकफिश सुमारे 7 कोटी. शोध कमी झाला होता, पण थांबला नव्हता. (त्या सामन्याच्या अटींवर आक्षेप घेतले गेले, 2018 मध्ये 1,000 डावांचा सुधारित सामना झाला, तेव्हाही 155 विजय आणि 6 पराभव असा निकाल लागला.)

आपण विचारता तसा, खेळताना अजिबात शोध न घेणारा प्रयोग डीपमाइंडने 2024 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी 1 कोटी डावांतील स्थिती घेतल्या, पण त्यातील प्रत्येक शक्य चालीचे मोल स्टॉकफिशकडून ठरवून घेतले आणि तेच नेटवर्कला शिकवले. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर माणसांविरुद्ध जलद डावांत त्याचे मानांकन 2895 पर्यंत पोहोचले. येथेही गणित टळलेले नाही. ते शिकवणीच्या वेळी आधीच करून ठेवलेले आहे. शिवाय एक उणीव राहिली: डाव पूर्ण जिंकलेला असला की त्याला अनेक चाली सारख्याच विजयी दिसतात आणि ते मात देण्याऐवजी घुटमळू लागते. त्यासाठी वेगळी तजवीज करावी लागली.

आपल्या प्रकल्पासाठी माझी सूचना अशी. ‘ग्रँडमास्टरने काय खेळले’ हे शिकवू नका. स्थिती दाखवून ‘पांढऱ्याचे किती चांगले आहे’ हे शिकवा. लिचेस दर महिन्याला आपल्याकडील डाव सर्वांसाठी खुले करते आणि त्यांतील काही डावांना इंजिनाचे, म्हणजे बुद्धिबळ प्रोग्रामचे, मूल्यमापन जोडलेले असते. ते डाव सामान्य खेळाडूंचे आहेत, हेच आपल्या कामाचे, कारण त्यांत चुका आणि त्या चुकांची किंमत दोन्ही सापडतात. नेटवर्क लहान ठेवा आणि त्याच्या जोडीला तीन-चार चालींचा साधा शोध जरूर द्या. 2020 पासून स्टॉकफिशही याच मिलाफाने खेळते: खोल शोध आणि मूल्यमापनाला लहानसे नेटवर्क. मोठ्या यंत्रसामग्रीवाचून महाविद्यालयातील संगणकावर हाच मार्ग झेपण्यासारखा आहे.

तयार झालेले नेटवर्क तपासताना केवळ अचूकतेच्या टक्क्यावर समाधान मानू नका. एच-७ वरील उंटाच्या बळीच्या पंचवीस जोड्या स्वतः मांडा. प्रत्येक जोडीत एका स्थितीत बळी योग्य असावा आणि दुसरीत, एकच मोहरे हलवल्यामुळे, अयोग्य. आधी शोधाशिवाय आणि मग शोधासह त्याला या पन्नास स्थिती द्या, आणि दोन्ही वेळचे निकाल अहवालात शेजारी शेजारी ठेवा.