प्रोग्रामिंग येत नसताना आडतीचा रोजचा हिशेब एआयकडून आपोआप करून घेता येईल का?

हो, येईल, आणि त्यासाठी कोडची एक ओळही स्वतः लिहावी लागत नाही. पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या आडतीचा हिशेब मी असाच ठेवतो. चॅटजीपीटी किंवा जेमिनायला साध्या मराठीत सांगा: 'गूगल शीटच्या ए कॉलममध्ये शेतकऱ्याचं नाव, बीमध्ये क्विंटल, सीमध्ये भाव आहे. रोज संध्याकाळी प्रत्येकाची रक्कम काढून मला मेल करणारी अ‍ॅप्स स्क्रिप्ट दे.' हमाली, तोलाई कशी कापायची तेही सांगा, नाहीतर एआय नुसता गुणाकार करून मोकळा होतो. मिळालेला कोड शीटच्या एक्स्टेन्शन्स मेनूतल्या अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये (शीटची कामं आपोआप करणारी गूगलची सोय) पेस्ट करा, एकदा चालवून परवानगी द्या आणि घड्याळाच्या चिन्हावरून ट्रिगर, म्हणजे रोज आपोआप चालायची वेळ, लावा. मग दुकानातला कॉम्प्युटर बंद असला तरी मेल येतो. एरर आली तर ती जशीच्या तशी चॅटमध्ये टाका, बहुतेक वेळा तिथेच सुटते.

मात्र आधी शीटच्या कॉपीवर करून बघा आणि काही हिशेबपट्ट्या हाताने ताडून घ्या. एकच नाव दोन तऱ्हेने लिहिलं तर दोन खाती होतात, '१२ क्विं.' असं लिहिलं तर तो आकडा धरलाच जात नाही. शेतकऱ्यांचे बँक खाते नंबर चॅटमध्ये अजिबात टाकू नका. नमुन्याला खोटी नावं पुरतात.