वर्किंग इलेक्ट्रोड: धनाग्र की ऋणाग्र?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय की मुलीच्या एमएस्सीच्या मराठी पोस्टरवर सायक्लिक व्होल्टॅमेट्रीतल्या वर्किंग इलेक्ट्रोडला (ज्याच्यावर रिॲक्शन घडवून करंट मोजतात तो) धनाग्र लिहायचं की ऋणाग्र. ताई, माझं विचाराल तर दोन्ही नको.

शाळेत विद्युत अपघटन शिकताना हे शब्द चालून जातात, बॅटरीचं प्लस ज्याला जोडलं तो ॲनोड म्हणजे धनाग्र, मायनसचा कॅथोड म्हणजे ऋणाग्र, विषय संपला. वागळे इस्टेटला माझ्या काकांचा प्लेटिंगचा गाळा होता, तिथे तर तेही कुणी म्हणायचं नाही, "जॉब (मुलामा द्यायची वस्तू) मायनसला लटकव" एवढंच, आणि निकेल बरोबर चढायचं. पण टॉर्चचा साधा सेल घ्या, वापरात असताना त्यातला ॲनोड म्हणजे जस्ताचा डबा, आणि तो असतो मायनस! म्हणजे ऋण टोकाला धनाग्र म्हणायची पाळी. कारण ॲनोड म्हणजे जिथे ऑक्सिडेशन होतं, पदार्थ इलेक्ट्रॉन देतो, ते टोक; आणि जिथे रिडक्शन होतं, पदार्थ इलेक्ट्रॉन घेतो, तो कॅथोड. फॅरेडेने १८३४ मध्ये विल्यम ह्यूएल या विद्वानाच्या सल्ल्याने हे ग्रीक शब्द घेतले, वर जायची वाट आणि खाली जायची वाट, सूर्य उगवतो मावळतो तसं. प्लस-मायनस त्यात नव्हतंच, ते आपण भाषांतरात घुसवलं.

आता व्होल्टॅमेट्रीत काय करतात, व्होल्टेज सावकाश वर नेतात, परत खाली आणतात आणि करंटचा आलेख काढतात. समजा द्रावणात फेरोसीन या लोहाच्या संयुगाचं पाण्यात विरघळणारं रूप आहे. वर जाताना ते इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉन देतं, आलेखात एक उंचवटा येतो, उतरताना तो परत घेतं, उलट्या बाजूला दुसरा उंचवटा. म्हणजे एकाच फेरीत तोच इलेक्ट्रोड ॲनोडही झाला आणि कॅथोडही! त्यातच ग्लुकोज आणि ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम टाका, फेरोसीनला इलेक्ट्रॉन आता एन्झाइमकडूनच परत मिळतो, ते पुन्हा इलेक्ट्रोडला द्यायला तयार, त्यामुळे जातानाचा करंट वाढतो, येतानाचा उंचवटा गायब. उत्प्रेरण चालू आहे हे यावरूनच ओळखतात. आणि गंमत बघा, व्होल्टेज बदलायचा वेग पुरेसा कमी असेल तर आता इलेक्ट्रोड जाता-येता ॲनोडच. नाव काय लावायचं ते रिॲक्शन ठरवते, इलेक्ट्रोड नाही.

तेव्हा पोस्टरवर सरळ 'वर्किंग इलेक्ट्रोड' लिहा आणि उंचवट्यांना ऑक्सिडेशनचा, रिडक्शनचा म्हणा. आणि हो, 'व्होल्टामेट्री' नको, व्होल्ट आणि अँपिअरचा ॲम म्हणून 'टॅ'. व्होल्टामीटर हे जुनं वेगळंच यंत्र, किती धातू साचला किंवा वायू सुटला त्यावरून विद्युतभार मोजायचं, उगाच परीक्षकांना तिकडे पाठवू नका.