कट्टे बरोबर, वजाबाकी चूक

प्रश्न : माझा मुलगा चौथीत, मराठी माध्यमाच्या शाळेत आहे. घरी आम्ही तेलुगू बोलतो. सासूबाई आणि मी विड्या वळतो. पंचवीस विड्यांचा एक कट्टा; सत्तावीस कट्टे झाले म्हटले, की ‘हजाराला तेरा कमी’ असे तो खेळता खेळता सांगतो. चाचणीत मात्र १००० मधून ६७५ वजा करताना त्याने १६७५ उत्तर लिहिले. बाई म्हणतात, त्याचे लक्ष नसते. नातेवाईक म्हणतात, इंग्रजी शाळेत घाला. आम्ही काय करावे?
— एक आई, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : ताई, तुम्ही दिलेली दोन्ही गणिते वस्तुतः एकच आहेत. सत्तावीस कट्टे म्हणजे ६७५ विड्या आणि राहिलेले तेरा कट्टे म्हणजे ३२५, हेच त्या वजाबाकीचे उत्तर. वहीत त्याने प्रत्येक घरात लहान अंक मोठ्यातून वजा केला. हातचा घेण्याची रीत पक्की नसलेली मुले सर्रास असेच करतात. हजारातून काही काढल्यावर सोळाशे पंचाहत्तर उरले, असे घरी कोणी म्हटले असते तर तो हसला असता. पण कागदावर त्याच्यासमोर विड्या नव्हत्या, नुसते अंक होते.

ब्राझीलमधील रेसिफे शहरात बाजारात विक्री करणाऱ्या पाच मुलांवरचा १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात वारंवार सांगितला जातो. गिऱ्हाइकाचा हिशेब करताना त्यांची शंभरातली सुमारे ९८ उत्तरे बरोबर आली, तशीच आकडेमोड कागदावर मांडून दिली तेव्हा जेमतेम ३७. उलट बाजूही तितकीच खरी आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीत केलेल्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाजारात काम न करणारी शाळकरी मुले बाजारातल्या हिशेबाशी अडखळलेली दिसली. एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी आपोआप पोहोचत नाही. ते कोणीतरी मुद्दाम नेऊन पोहोचवावे लागते. म्हणून ‘लक्ष नसते’ हे निदान मला पटत नाही.

भाषेचाही यात भाग असू शकतो. तेलुगूत ‘इरवै एडु’, म्हणजे आधी वीस आणि मग सात. मराठी ‘सत्तावीस’मध्ये सात आधी ऐकू येतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी वाचनपद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. पण तुमच्या मुलासारख्यांना त्या पद्धतीने मदतच झाली असती, असे माझे मत आहे. माध्यम बदलल्यास तिसऱ्या भाषेतली संख्यानामे त्यात मिसळतील, तेव्हा सध्या शाळा बदलू नका.

त्याऐवजी रोज एकदा, कट्टे मोजून झाल्यावर, तोच हिशेब त्याला वहीत उभ्या मांडणीत लिहायला सांगा. आधी तोंडी उत्तर तेलुगूत सांगू द्या, मग हातचा कोणत्या घरातून घेतला, शेजारच्या घरात त्याचे किती झाले, हे त्याच्याकडूनच ऐका. आठवड्याभराने ती वही आणि चाचणीचा पेपर घेऊन बाईंना भेटा. वर्गात आकडेमोडीला हात घालण्यापूर्वी ‘उत्तर हजाराच्या आत येईल की बाहेर?’ एवढे त्याला विचारत जा, अशी विनंती त्यांना करा.