म्हैस माजावर येत नाही : ‘ग्रोथ’चे इंजेक्शन द्यावे का?

प्रश्न (आरे वसाहत, गोरेगाव) : जाफराबादी म्हैस व्यायल्याला चार महिने झाले. दूध भरपूर देते, पण अंग उतरले आहे आणि माज दिसत नाही. तपासणीत अंडाशयावर बारीक पुटिका आहेत, वाढत नाहीत, असे कळले. पुटिका वाढवण्याचे ‘ग्रोथ’चे इंजेक्शन मिळते म्हणतात. द्यावे का?

उत्तर : देऊ नका. पुटिका वाढवणारे घटक असतात हे खरे, पण ते म्हशीच्या शरीरातच बनतात, आणि किती बनतील हे तिच्या खाण्यावर ठरते.

पुटिका म्हणजे अंडे आणि त्याभोवतीच्या पेशींचे वेष्टण. सुरुवातीला अंडेच जीडीएफ-९ आणि बीएमपी-१५ ही प्रथिने सोडून त्या पेशींना वाढायला लावते. पुढे एफएसएच या संप्रेरकामुळे अनेक पुटिका एकदम वाढू लागतात आणि त्यांतली एक बाकीच्यांना मागे टाकते. तिला ते बळ मिळते आयजीएफ-१ (वाढीला चालना देणारे, इन्सुलिनसारखे प्रथिन) आणि इन्सुलिनमुळे. या दोन्हींच्या मदतीने तिच्यात इस्ट्रोजेन हे माज आणणारे संप्रेरक भरपूर तयार होते, मग माज दिसतो, अंडे सोडवणाऱ्या एलएच या संप्रेरकाची लाट येते आणि अंडे सुटते.

रक्तातले बहुतेक आयजीएफ-१ यकृतातून येते. व्यायल्यावर दूध झपाट्याने वाढते, भूक मात्र तेवढी वाढत नाही. म्हैस अंगावरची चरबी मोडून दूध देते. अशा वेळी आयजीएफ-१ बनवायला लावणाऱ्या ग्रोथ हॉर्मोनला यकृत दाद देत नाही आणि आयजीएफ-१ घसरते. पुटिका येतात, थोड्या वाढतात, विरून जातात. तुमच्या वर्णनावरून इथेही हेच घडत असावे. यकृतच दाद देत नसेल तर बाहेरून टोचून काय साधणार?

पेंड-चुनीचा खुराक दुधाच्या मानाने हळूहळू वाढवा, एकदम वाढवला तर अपचन होईल. हिरवी वैरण, रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि दर लिटर दुधामागे १० ते १५ ग्रॅम बायपास फॅट (पोटाच्या पहिल्या कप्प्यात न विरघळता पुढे जाऊन पचणारी चरबी) द्या. अगदी सुरुवातीच्या अवस्थेतली पुटिका पक्व व्हायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून आठवडाभरात फरक दिसला नाही तरी खुराक तोडू नका. मे महिन्यातल्या उकाड्याचा फटकाही असाच पावसाळ्यापर्यंत रेंगाळतो. मुंबईच्या दमट हवेत नुसते पाणी मारून म्हैस थंड होत नाही, सोबत पंखा हवाच.

गाभण राहिली नाही की विकायची आणि नवी आणायची, हा आपल्या तबेल्यांचा रिवाज. चांगल्या दुधाच्या म्हशी अशा जातात याचे मला फार वाईट वाटते. हिला एवढ्यात काढू नका.

म्हशीचा माज बऱ्याचदा मुका, म्हणजे ठळक लक्षणे न दाखवणारा, असतो आणि रात्री किंवा पहाटे येतो, तेव्हा गड्याला त्या वेळी लक्ष ठेवायला सांगा. दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोनदा अंडाशय तपासून घ्या. दोन्ही वेळा पीतपिंड (अंडे सुटल्यावर त्या जागी तयार होणारी गाठ) सापडला नाही तरच तो खरा अमाज. मग प्रोजेस्टेरॉनचे उपचार करायचे का, हे पशुवैद्यकांना तिची तब्येत पाहून ठरवू द्या.