पाय झिजून परत यायला हवा

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कृत्रिम पाय बनवण्याच्या कामातली तुझी इंटर्नशिप संपत आली. आता पायाचं माप हाताने प्लास्टरमध्ये घेण्यात वेळ घालवू की सरळ स्कॅनर आणि थ्रीडी प्रिंटिंगकडे वळू, असं विचारलंयस. दोन्ही शीक. पण आपल्या कामाचा निकाल कधी लागतो, हे आधी नीट समजून घे. फिटिंगच्या दिवशी तो लागत नाही. त्या दिवशी सगळेच खूश असतात. पेशंट पॅरलल बार धरून चार पावलं टाकतो, बायको डोळे पुसते, कुणीतरी मोबाइलवर फोटो काढतं. निकाल लागतो सहा-आठ महिन्यांनी, पाय दुरुस्तीला येतो तेव्हा. टाच झिजलेली, बोटांच्या फटीत माती, पट्टा घामाने काळा पडलेला असेल, तर खुशाल पाठ थोपटून घे. पाय नवा कोरा असेल, तर तो इतके दिवस पलंगाखाली होता.

पलंगाखाली जातो तो बहुतेक वेळा सॉकेटमुळे, म्हणजे उरलेला पाय जिच्यात बसतो त्या खोबणीमुळे. पाऊल कुठल्या कंपनीचं, गुडघा किती लाखांचा, ही चर्चा नातेवाईक करतात. पेशंटला कळतं ते एवढंच, की टोचतंय की नाही. म्हणून गुडघ्याखालच्या कास्टवर, म्हणजे प्लास्टरने घेतलेल्या मापावर, हात बसेपर्यंत दुसरीकडे पाहू नकोस. स्टंपवर, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायावर, ओला मोजा चढवून ओलाव्याने जांभळी उमटणाऱ्या पेन्सिलीने खुणा करतेस ना? गुडघ्याची वाटी, नडगीची धार, बाहेरच्या बाजूचं फिब्युलाचं, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाचं, डोकं. त्या खुणा करण्याआधी बोटांनी चाचपून बघ आणि पेशंटच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेव. प्लास्टरची पट्टी गुंडाळून झाली की दोन्ही अंगठे वाटीखालच्या स्नायुबंधाच्या दोन बाजूंना आणि बाकीची बोटं गुडघ्यामागे. प्लास्टर घट्ट होईपर्यंत हात हलवायचे नाहीत. वजन पेलायच्या जागा कुठल्या आणि नाजूक कुठल्या, हे त्या दोन-चार मिनिटांत तळहाताला जे कळतं, ते पुस्तकातल्या आकृतीतून कळत नाही.

स्कॅनर आकार अचूक टिपतो, यात वाद नाही. पण तो पाय हवेत लोंबकळत असतानाचा आकार असतो. त्यात कुठे किती मिलिमीटर दाबायचं आणि कुठे सोडायचं, हे शेवटी तुलाच ठरवावं लागतं. कानशीने ठरव नाहीतर माउसने. साच्यावर काम करताना जिथे दाब हवा तिथे प्लास्टर खरवडायचं आणि जिथे नको तिथे चढवायचं, हे उलटं गणित सुरुवातीला भल्याभल्यांना चकवतं. हाताने पुरेसे साचे केलेल्याला सॉफ्टवेअर चटकन जमतं. उलट दिशेने आलेले अडखळताना मी पाहिलेत. आणि हो, कानस मारताना आणि ग्राइंडरवर बसताना मास्क लाव. सीनियर लावत नाहीत म्हणून तूही लावायचा नाही, असलं शौर्य नको.

सॉकेट बसलं की पेशंटला विचारतात, “कसं वाटतंय?” आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे: “बरं आहे, डॉक्टर.” (तू डॉक्टर नाहीस, हे तू सांगशील. ऐकणार कोणी नाही.) लांबून आलेला, दोन एसटी बदलून परत जायचं असलेला, फुकट किंवा सवलतीत पाय मिळालेला माणूस तक्रार करत नाही. तेव्हा विचारण्यापेक्षा बघ. अर्धा तास चालव, जिना चढव-उतरव, मग सॉकेट काढून कातडी बघ. वाटीखाली लाली असणारच. दहा-पंधरा मिनिटांत ती विरली पाहिजे. नडगीच्या धारेवर किंवा फिब्युलाच्या डोक्यावर लाली रेंगाळली, तर त्याला घरी पाठवू नकोस, साच्याकडे परत जा. मधुमेहाने पाय गेलेल्यांच्या बाबतीत दुप्पट सावध राहा. त्यांना दुखतच नाही, म्हणून ते हसत चालतात आणि आठ दिवसांनी जखम घेऊन येतात. त्यांना रोज रात्री आरशात स्टंप बघायला शिकव. नजर अधू असेल तर घरातल्या कुणाला तरी. आणि जो पाय उरलाय, त्याची चप्पलही त्याच दिवशी तपास. तो पाय वाचवणं हेही आपलंच काम आहे.

पहिल्या काही महिन्यांत स्टंप आटतो. पेशंट एकावर एक मोजे चढवत जातो आणि कुणाला सांगत नाही. म्हणून फॉलो-अपला पहिला प्रश्न हा, की मोजे किती घालता? आकडा वाढत चालला असेल तर नव्या सॉकेटची वेळ झाली. कृत्रिम पाय वाटणाऱ्या शिबिरांवर माझा राग नाही. दवाखान्यापर्यंत कधीच पोचला नसता अशा माणसापर्यंत ती पोचतात. पण मंडप निघाल्यावर तिसऱ्या महिन्यात हे मोजे कोण मोजणार, याचं उत्तर आयोजकांकडे नसेल, तर तिथे नुसती कास्ट घ्यायला जाऊ नकोस. आधी उत्तर माग.

मोजमापाच्या कागदावर घराचा रकाना नसतो. तो तू तुझा आखून घे. संडास कुठल्या पद्धतीचा, अंगणात उतार आहे का, जेवायला खाली बसता का, भातलावणीला चिखलात उतरता का. गुडघ्यावरून पाय गेलेल्या माणसाला मांडी घालायची असेल तर गुडघ्याच्या वर फिरणारा जोड लागतो. हे आधी विचारलं नाही, तर तो माणूस पंगतीत खुर्चीवर एकटा बसतो आणि मग पंगतीला जायचंच सोडतो. जयपूर फूट जन्माला आलं ते याच प्रश्नांतून. १९६८च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी पाहिलं, की परदेशी धाटणीचं पाऊल बुटासाठी बनलेलं आहे. ते घालून अनवाणी चालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही. मग रबराचं, सगळीकडून वाकणारं, पायासारखं दिसणारं पाऊल तयार झालं. एकाला शरीरशास्त्र ठाऊक होतं, दुसऱ्याला साचे. वर्कशॉपमधल्या जुन्या टेक्निशियनला ‘काका’ म्हणून नुसती हाक मारू नकोस, त्याच्या शेजारी स्टूल टाकून बस.

ऑर्थोटिक्सला, म्हणजे असलेल्या पण कमजोर किंवा वाकड्या अवयवाला आधार देणारी साधनं बनवण्याला, तुमची पिढी दुय्यम समजते, हे मला खटकतं. कृत्रिम पायाचा फोटो छान येतो, पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरचा येत नाही, दुसरं काय! देशात नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये सापडला, पण पोलिओ झालेली माणसं आता चाळिशी-साठीत आहेत आणि त्यांचे जुने लोखंडी कॅलिपर मोडकळीला आलेत. असा कोणी आला तर लगेच हलकं प्लास्टिकचं काढून दाखवू नकोस. आधी त्याची चाल बघ. मांडीत ताकद नसताना गुडघा किंचित मागे ढकलून तो स्वतःचं कुलूप लावत असतो. पुस्तकाप्रमाणे तो गुडघा सरळ केलास, तर वर्षानुवर्षं चाललेला माणूस तुझ्या दारात पडेल. त्याच्या चालीत काय राखायचं, हे त्यालाच विचार.

आणि क्लबफुटची, म्हणजे जन्मतः पाऊल आत वळलेली, बाळं. पोन्सेटी पद्धतीने, म्हणजे टप्प्याटप्प्याने प्लास्टर बदलत, पाय सरळ झाला की खरी कसरत ब्रेसची, म्हणजे पाय सरळ धरून ठेवणाऱ्या बुटांच्या पट्टीची: पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर, पुढे साधारण चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत. पाय पुन्हा वाकडा होतो, त्यामागे बहुतेक वेळा ब्रेस बंद होणं असतं. आणि तो बंद करते रडणाऱ्या नातवाची दया आलेली आजी. तेव्हा आईला समजावून थांबू नकोस, आजीलाही बोलावून घे.

नोकरीबद्दल थोडक्यात. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आधी करून घे. १९९२च्या कायद्याप्रमाणे तिच्याशिवाय काम करता येत नाही. पहिली दोन-तीन वर्षं गर्दीच्या ठिकाणी काढ. मुंबईत हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत किंवा पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात संधी मिळाली तर सोडू नकोस. खासगी कंपन्या पगार बरा देतात, पण काही ठिकाणी विक्रीचं टार्गेट गळ्यात पडतं. शेतमजुराला मायक्रोप्रोसेसर गुडघा, म्हणजे बॅटरीवर चालणारा संगणकी गुडघा, सुचवायला कुणी सांगितलं, तर चार्जिंगला वीज आणि दुरुस्तीला शहर त्याच्या घरापासून किती लांब आहे, ते मोठ्याने विचार. बैठकीत शांतता पसरेल, पसरू दे.

दिवाळीनंतर आठवडाभर माझ्या वर्कशॉपला ये. पॉलीप्रॉपिलीनची शीट ओव्हनमधून काढून साच्यावर ओढायला दोन माणसं लागतात आणि माझा जोडीदार तेव्हा सुट्टीवर आहे. जाड हातमोजे आण, इथले फाटलेत.

तुझा,
सर